शंकापेटी : काठीची सावली, आमटीचं मीठ आणि साडेआठचा पाऊस

आमच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत डायनिंग हॉलच्या दाराशी बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आहे. झाकणाला चीर पाडून व्यवस्थापकांनी तो तक्रारपेटी म्हणून ठेवला होता. महिन्याने उघडला तर आत ११ चिठ्ठ्या. चार तक्रारींच्या, त्यांतल्या तीन आमटीच्या. उरलेल्या सातांत नुसत्या शंका. पाल चुकचुकते ती तोंडाने की शेपटीने? (तोंडाने. शेपटीचा काही संबंध नाही.) व्यवस्थापकांनी तक्रारी ठेवून घेतल्या आणि शंका माझ्या खोलीवर पाठवून दिल्या. मी पुण्याच्या सिमला ऑफिसात, म्हणजे हवामान खात्यात, ३४ वर्षं पावसाचे आकडे तपासत बसले होते, त्यामुळे हिला सगळं ठाऊक असणार असा इथे समज आहे. ठाऊक फारसं नसतं. पण ७६व्या वर्षी माझ्याकडे दोन गोष्टी आहेत, वेळ आणि फूटपट्टी. आता मासिकाचे वाचकही विचारू लागले आहेत, म्हणून डब्याची चीर जरा रुंद करून घेतली आहे.

प्रश्न : ताई, आम्ही कर्जतजवळ ज्येष्ठांच्या एका संकुलात राहतो. माझ्या इमारतीच्या गच्चीवर मी पाऊस मोजतो, समोरच्या इमारतीत एक निवृत्त मुख्याध्यापक मोजतात. मधे शंभर पावलांचं अंतर. परवा एका रात्रीत माझ्याकडे ४८ मिलिमीटर आणि त्यांच्याकडे ३१! चहाच्या टेबलावर बोलणं बंद व्हायची वेळ आली आहे. खरं कुणाचं? (एक वाचक, कर्जत तालुका)

उत्तर : बहुधा दोघांचंही चुकलंय. रागावू नका, आधी भांडी बघू.

कशात मोजता ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण आकड्यांवरून मला जे दिसतं ते असं : तुमची बादली आहे आणि मुख्याध्यापकांची लोणच्याची बरणी. बादली वर रुंद, तळाला निमुळती. रुंद तोंडाने गोळा केलेलं पाणी अरुंद तळात उभं राहतं आणि पट्टी जास्त दाखवते. बरणीचं उलटं. तोंड लहान, पोट मोठं. पाणी पसरतं, पट्टी कमी दाखवते. पावसाचं भांडं वरपासून खालपर्यंत एकाच मापाचं हवं.

दुसरा घोळ गच्चीचा. वारा इमारतीवर आपटून कठड्यावरून उसळतो आणि थेंबांना भांड्यावरून पलीकडे घेऊन जातो. कठड्याच्या आडोशाला ठेवाल तर तिरका पाऊस आत पोचतच नाही. खात्याचं पर्जन्यमापक जमिनीवर असतं, त्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, आणि आसपासची भिंत किंवा झाड त्याच्या स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब. इमारत १० मीटर उंच असेल तर २० मीटर तरी दूर सरका. तेव्हा दोघांनीही गच्च्या सोडा आणि खाली बागेत या. एकच भांडं ठेवा, पाळी लावून मोजा.

आमचं भांडं म्हणजे प्लास्टिकचा एक सरळ डबा, तोंडाचा आतला व्यास ११.३ सेंटिमीटर. भांड्यांच्या दुकानात मी फूटपट्टी घेऊन गेले होते, दुकानदाराने दोनदा पाणी विचारलं. हा आकडा सोयीचा अशासाठी की मग तोंडाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर भरतं, आणि १० मिलिलिटर पाणी म्हणजे बरोबर १ मिलिमीटर पाऊस. पहिल्या वर्षी आम्ही खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजत असू. रिमझिम असली तर ठीक. पण जुलैतल्या एका सकाळी ५२ टोपणं भरली, आणि मधे कुणीतरी ‘चहा झाला का?’ विचारलं की पुन्हा एकपासून. शेवटी एकीने नातवाची दुधाची बाटली आणून दिली. तिच्यावर खुणा असतात, त्या चांगल्या स्पष्ट दिसतात, आणि आमच्या डोळ्यांना तेच हवं.

आणि वेळ ठरवा. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या २४ तासांचा धरतात. तुम्ही सात वाजता फिरून येताना मोजत असाल आणि मुख्याध्यापक नाश्त्यानंतर नऊला, तर मधल्या दोन तासांत कर्जतसारख्या ठिकाणी काय काय कोसळू शकतं ते तुम्हीच जाणता.

दोन ठिकाणच्या पावसात खराखुरा फरक नसतो असं मात्र नाही. २७ जुलै २००५ च्या सकाळी मी कामावर होते. सांताक्रूझचा आकडा आला ९४४. दशांशचिन्ह एक घर सरकलं असेल असं वाटून तो पुन्हा विचारून घेतला, आणि पुन्हा ९४४ च आला. त्याच मुंबईत, त्याच २४ तासांत, कुलाब्याला ७३. तोही खरा होता. पण ते अंतर काही मैलांचं होतं. शंभर पावलांत १७ मिलिमीटरचा फरक पडला की मी ढगाकडे बघत नाही, बरणीकडे बघते.

प्रश्न : पंचांगात दर पर्जन्यनक्षत्राला वाहन दिलेलं असतं, यंदा बेडूक, पुढे म्हैस, मग कोल्हा. हे ठरवतं कोण? (एक शेतकरी वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : भागाकार ठरवतो. सूर्य ज्या नक्षत्रात शिरतो तिथपासून चंद्र त्या वेळी ज्या नक्षत्रात असेल तिथपर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, बाकी उरेल त्यावरून वाहन. वाहनं नऊच आहेत. ढगाचा, वाऱ्याचा, समुद्राचा त्यात कुठे प्रवेश नाही. सूर्य मृगात साधारण ७-८ जूनला शिरतो, हे मात्र पक्कं. म्हणूनच आपल्या आजीपणजींना त्या तारखेचा भरवसा वाटायचा आणि पाऊस नेमका तेव्हाच टेकलेला असायचा. आमच्याकडे काही वर्षं मी वाहन आणि पाऊस शेजारीशेजारी लिहून ठेवले. एकदा हत्ती कोरडा गेला आणि गाढवाने तळी भरली. टेबलावर कुणीही हे मनावर घेतलं नाही, आणि मलाही त्यांनी घ्यावं असं फारसं वाटत नाही. ‘कोल्हा लागला’ म्हणण्यात जी मजा आहे ती ‘कमी दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकला’ म्हणण्यात नाही.

प्रश्न : ही तक्रार नव्हे, शंका आहे. आमटी बदलली की आम्ही बदललो? (आमच्याच डब्यातली चिठ्ठी. सही नाही, पण अक्षर ओळखू येतं)

उत्तर : तुम्ही बदललात. आचारी गेली सहा वर्षं तोच आहे आणि मीठही त्याच चमच्याने घालतो, मी स्वयंपाकघरात उभी राहून पाहिलंय.

जीभ काय सांगते? गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या किंवा डाळीच्या कढणात असतो तसला एक भरीव स्वाद. एवढंच. आमटीतला गोडा मसाला, फोडणीतला हिंग, वरून पेरलेली कोथिंबीर हे सगळं आपण नाकाने खातो. घास चावताना वास घशाच्या मागून नाकात चढतो. साठीनंतर नाक मंदावत जातं, सत्तरीनंतर जरा जास्तच, आणि ते इतक्या हळूहळू होतं की माणसाला नाकाचा संशय येतच नाही. तो आचाऱ्याचा घेतो. त्यात काही औषधं तोंडाची चव बदलतात, तोंड कोरडं पाडतात. कवळीने टाळू झाकली जाते, घास गरम आहे की मऊ तेही मग नीट कळत नाही.

हे नुसतं सांगून कुणी ऐकेना, म्हणून पाडव्याला एक प्रयोग केला. नऊ जणांचे डोळे रुमालाने बांधले, नाकं चिमटीत धरायला लावली आणि एकेक चमचा भरवला : एकदा केशराचं श्रीखंड, एकदा आम्रखंड. बहुतेकांना ओळखता आलं नाही. दोन्ही गोड, दोन्ही किंचित आंबट, जीभ त्यापुढे जाऊ शकत नाही. एक गृहस्थ पैजेवर ‘केशर’ म्हणाले. मग मी म्हटलं, सोडा नाक. क्षणभराने त्यांच्या चेहऱ्यावर आंबा आला. ते दृश्य पाहायला तुम्ही हवे होतात. खरं तर तुम्ही होतातच, उजवीकडून तिसरे.

उपाय मीठ वाढवण्याचा नाही, आपल्यातल्या निम्म्यांना रक्तदाब आहे. उपाय वास वाढवण्याचा. आता आमच्याकडे आमटी उतरवल्यावर वरून तुपात लसूण-हिंगाची दुसरी फोडणी पडते, ती वाढायच्या जरा आधी, आणि पानात लिंबाची फोड असते. आमटीच्या चिठ्ठ्या तीनावरून एकावर आल्या आहेत. ती एक तुमची.

प्रश्न : आजी, माझ्या आजोबांचे कान एवढे मोठे का आहेत? फोटोत लहानपणी नव्हते. (इयत्ता चौथी, सातारा)

उत्तर : कारण ते वाढत राहिले. तुझ्याआधी हा प्रश्न इंग्लंडमधल्या एका डॉक्टरांना पडला होता. त्यांनी २०६ पेशंटांचे कान मोजले आणि १९९५ साली डॉक्टरांच्या एका मोठ्या मासिकाच्या नाताळ अंकात छापलं : कान वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर लांब होतो. म्हणजे पन्नास वर्षांत साधारण एक सेंटिमीटर. हाडासारखा तो खरोखर वाढतो, की कातडी सैल पडून पाळी लोंबते, यावर मोठी माणसं अजून वाद घालतात. तू फूटपट्टीने आजोबांचा कान मोज, वहीत तारीख घालून लिही आणि दरवर्षी त्याच दिवशी पुन्हा मोज. मोजताना हळू बोल. नाही, जोरात बोल. कान मोठे होतात तशी आतली ऐकण्याची शक्ती मात्र कमी होते, आणि ती बारीक आवाजांपासून कमी होते. रातकिडे आधी जातात, मग बोलण्यातले स, श, फ. आजोबा ‘काय?’ म्हणतात तेव्हा आवाज त्यांना येत असतो, शब्द सुटे होत नसतात. ओरडू नकोस, समोर येऊन सावकाश सांग.

प्रश्न : लहानपणापासून ऐकत आलो की बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो. वय ८२ झालं, आता अंगणात बसायला वेळ आहे म्हणून नीट पाहिलं, तर बाराला तुळशीवृंदावनाची सावली एका अंगाला पडलेली असते. घड्याळ चुकतं की सूर्य? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला. ८२व्या वर्षी स्वतः बसून पाहिलंत!

चुकत कुणीच नाही. आपलं घड्याळ आपलं नाही, एवढंच. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, म्हणजे अलाहाबाद-मिर्झापूरकडची. कोल्हापूर त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो, तेव्हा तो तुमच्या अंगणाच्या माथ्यावर यायला सुमारे ३३ मिनिटं उशीर करणार. शिवाय पृथ्वी वर्षभर एकाच वेगाने सूर्याभोवती फिरत नाही आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून महिन्यागणिक पाच-पंधरा मिनिटं पुढेमागे. मेमध्ये तुमची खरी दुपार साडेबाराच्या एखादा मिनिट आधी होते.

पण ‘डोक्यावर’ म्हणजे अगदी डोक्यावर, सावली शून्य, असं वर्षात फक्त दोनदा होतं. सूर्य उत्तरेकडे सरकताना एकदा आणि परत फिरताना एकदा. मेच्या सुरुवातीला तो सावंतवाडीवर असतो, पहिल्या आठवड्यातच तुमच्या कोल्हापुरावर, १३-१४ मेला पुण्यावर, मुंबईवर त्यानंतर लगेच, आणि २६ मेच्या सुमारास नागपुरावर. परतीची फेरी जुलै-ऑगस्टात, पण तेव्हा ढगांत सूर्य शोधावा लागतो. दिल्लीकरांच्या नशिबात हा दिवस मुळी नाहीच, कारण सूर्य साडेतेवीस अंशांच्या पुढे जात नाही.

आम्ही तळेगावकडे. गेल्या १४ मेला सव्वाबारा वाजता १३ जण बागेतल्या फरशीवर जमलो. टोप्या, पंचे, एकीची चक्क लग्नातली छत्री. उभी वस्तू काय घ्यायची यावर आधीच आठवडाभर चर्चा झाली होती. एक निवृत्त बांधकाम कंत्राटदार घरून ओळंबा घेऊन आले, कारण काठी हातात धरून सरळ उभी राहते हा आपला भ्रम असतो. वाळूच्या बादलीत काठी रोवली, ओळंब्याने सरळ केली. शेजारी कुणीतरी आपला वॉकरही मांडला.

१२ वाजून २० मिनिटांनी काठीची सावली करंगळीएवढी होती. पंचविशीला पेराएवढी. मग एकेकजण घड्याळ बघायचं सोडून खाली वाकून बघू लागला, ज्यांना वाकता येत नव्हतं ते दुसऱ्यांना विचारत राहिले, ‘आहे का अजून?’ साडेबाराला ती नव्हती. काठी वाळूत उभी आणि आजूबाजूला नुसतं ऊन. वॉकरची सावली मात्र हटली नाही, त्याचे पाय जरा फाकलेले असतात म्हणून; वॉकरवाल्यांना उगाच वाईट वाटलं. सगळ्यांत गंमत वेताच्या खुर्चीची झाली. बैठकीची चौकोनी सावली बरोबर चार पायांच्या मधे, जणू कुणी मापून सतरंजी टाकली, आणि त्यावर आमचं मांजर झोपलेलं. दोन-तीन मिनिटांत काठीच्या दुसऱ्या अंगाला बारीक रेघ उगवली. मग कोकम सरबत.

तुम्ही वृंदावन घेऊ नका, त्याचा कठडा पुढे आलेला असतो. एक काठी, एक ओळंबा. ओळंबा नसेल तर दोऱ्याला अडकित्ता बांधा.

प्रश्न : मार्च लागला की आमच्या खिडकीबाहेर पहाटे चारला कोकिळा ओरडायला लागते. माझी झोपमोड होते. काही इलाज? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : पहिली दुरुस्ती : ती कोकिळा नाही, तो कोकीळ आहे. ‘कुहू’ हा नराचा आवाज. नर काळाकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज म्हणजे ‘किक् किक् किक्’, ज्याच्यावर कुणी कविता केलेली मला आठवत नाही. ती घरटं बांधत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. म्हणून कावळे काटक्या जमवू लागले की याचा आवाज चढतो. पावसाळा सरता सरता तो आपोआप गप्प होतो, तोवर इलाज नाही.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. त्याने तुम्हाला उठवलं, की तुम्ही उठलात म्हणून तो ऐकू आला? वय वाढतं तसं शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग. आठ दिवस उशाशी कागद ठेवा. जाग आली की वेळ लिहा आणि त्या क्षणी आवाज येत होता की नाही तेही लिहा. मी लिहिलं होतं. आठांतले पाच दिवस मी आधी उठले होते आणि तो नंतर सुरू झाला होता. संध्याकाळी उजेडात फिरायला गेलात आणि साडेआठची पेंग थोडी पुढे ढकललीत तर पहाटही थोडी पुढे जाते. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. जमेल की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मला स्वतःला दुपारची जमलेली नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले तर यंत्र अंगठा घेईना. दहाही बोटं लावून झाली. तिथला मुलगा म्हणाला, ‘आजी, तुम्हाला ठसेच नाहीत.’ हे काय नवीन? (अकोला)

उत्तर : नवीन नाही, मलाही असंच ऐकवलं गेलं. जिवंत माणसाने समोर उभं राहून आपण जिवंत असल्याचं पटवायचं आणि यंत्राने मान हलवायची, हा प्रसंग आमच्या टेबलावर निम्म्या लोकांनी भोगला आहे. ठसे असतात. पण कातडी पातळ होते, कोरडी पडते, तिचा ताण जातो, आणि बोटावरच्या बारीक रेघा सपाट होतात. जन्मभर भांडी घासली, खडू धरला, त्याने झीज आणखी. यंत्राला उंचवटा हवा असतो, तो मिळत नाही. कोमट पाण्याने हात धुऊन, किंचित मलम लावून, ते पुसून पुन्हा बघा. कधी कधी जमतं.

त्याहून सोपं म्हणजे चेहरा. ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून त्यात मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवूनही काम होतं. आमच्याकडे नोव्हेंबरात एक दुपार यासाठीच ठेवतो, मेसमधला पोरगा फोन धरतो. डोळे मिचकावा असं फोन सांगतो तेव्हा मिचकवायचे. केंद्राच्या पेन्शनवाल्यांना ८० पूर्ण झाली असतील तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, नोव्हेंबरची गर्दी टळते. तुमचं पेन्शन राज्याचं असेल तर आपल्या कोषागाराचा नियम आधी विचारून घ्या.

प्रश्न : काकू, माझी आई तुमच्याच वसाहतीत राहते. मी सॅन होजेला. रोज रात्री आठ वाजता, स्वयंपाकघर आवरलं की मी तिला फोन करते. थंडीत ती अर्धा अर्धा तास बोलते. पावसाळ्यात मात्र दोन मिनिटांत ‘बरं, चल’ म्हणून ठेवते. सलग दोन वर्षं असंच. पावसाळी हवेने तिचं मन खिन्न होतं का? डॉक्टरांना दाखवायला हवं का?

उत्तर : तुमची आई कोण ते मी ओळखलं. डॉक्टर नको, घड्याळ बघू.

जूनमध्ये तुमचे रात्रीचे आठ म्हणजे इथले दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ. मिनिटाचाही फरक नाही. नोव्हेंबरात तुमच्याकडे घड्याळं तासभर मागे घेतात, मग तुमचे आठ म्हणजे आमचे साडेनऊ. तोवर नाश्ता, आंघोळ, पेपर सगळं झालेलं असतं आणि आईला बोलायला सवड असते. आणि साडेआठला इथे काय असतं ते वर कर्जतच्या वाचकांना सांगितलंच आहे.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला वाकता येईना, तेव्हा पावसाची वही मी त्यांच्याकडे दिली. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला तीनदा विचारलं की २.४ ला ‘पावसाचा दिवस’ का म्हणायचं नाही, आणि २.५ पासून म्हणायचा असा नियम आहे हे सांगितल्यावर म्हणाल्या, कुठेतरी रेघ मारावीच लागते. सव्वाआठला त्या रेनकोट घालून पायरीवर उभ्या असतात. तो रेनकोट तुम्ही पाठवलेला, निळा. साडेआठ झाले की डबा उचलतात, बाटलीत ओततात, चष्मा कपाळावर सरकवून खूण वाचतात, वहीत लिहितात आणि मग डायनिंग हॉलच्या फळ्यावर आकडा टाकतात. तिथे १५-२० माणसं पोह्यांच्या बशा घेऊन त्या आकड्याची वाट बघत असतात. पैसे लावत नाहीत, पण अंदाज लावतात, आणि चुकलं की खुशाल आईंच्या मोजण्यावर शंका घेतात. अशा वेळी तुमचा फोन वाजतो.

तुमच्या साडेआठला करा. तेव्हा इथे नऊ वाजलेले असतात, फळा लिहून झालेला असतो आणि त्यांना सांगायलाही पुष्कळ असतं. थंडीत काही बदलू नका.

गेल्या जुलैची वही परवा मी सहज चाळली. १९ तारखेच्या आकड्यापुढे त्यांच्या अक्षरात लिहिलं आहे : ‘मोजताना फोन. आकडा अंदाजे.’ नोकरीत असताना असा शेरा आला की मी तो आकडा तांबड्या शाईने खोडत असे. हा तसाच ठेवला आहे.